ज्याचा विषय, त्याचा चहा

टेबलाभोवतीच्या खुर्च्या सरकल्या, काकांनी घसा खाकरला आणि सगळ्यांच्या माना एकदम भिंगरीकडे वळल्या.

“चहा,” काका म्हणाले.

भिंगरीला ऐकू आलं नव्हतं, पण त्यासाठी कान कशाला हवेत! ‘चहा’ म्हणताना आधी काकांचे दात चमकायचे आणि मग तोंडाचा असा आ व्हायचा, की आत कपबशी ठेवावी. सहाव्या वर्षी तापात दोन्ही कान गेले, तेव्हापासून भिंगरी माणसांची तोंडं वाचत आली होती. या घरातली तोंडं तर तिला पाढ्यांसारखी पाठ होती. अपवाद एकच, आजोबा. त्यांच्या मिशीआड ओठ आहेत की नाहीत याबद्दलच तिला लहानपणी शंका होती.

“नियम म्हणजे नियम,” काकांनी पुढे जोडलं.

नियम पणजीचा होता. पणजी म्हणायची, ज्याच्याबद्दल बोलायचं त्याच्या तोंडावर बोलायला गेलं, की माणसं एकतर खोटं बोलतात नाहीतर रडतात, आणि दोन्हीत वेळ फुकट जातो. म्हणून घरात कुणाबद्दल काही ठरवायचं असलं, की त्या माणसाने उठायचं, स्वयंपाकघरात जायचं, दार लावून घ्यायचं आणि सगळ्यांसाठी चहा करायचा. ट्रे घेऊन बाहेर यावं तोवर आपलं काय ते ठरलेलं. ऐन पंचविशीत काका असेच चहा करायला आत गेले आणि बाहेर आले तेव्हा त्यांचं लग्न मोडलेलं होतं. बाबांनी चहा केला आणि त्यांचं ट्रंपेट विकलं गेलं. तेव्हापासून बाबा टपाल वाटतात आणि साधी शीळसुद्धा घालत नाहीत. पणजी गेली, चहा काही गेला नाही.

आज विषय भिंगरीचा होता.

“जाते की,” भिंगरी म्हणाली आणि उठता उठता आत्याकडे वळली. “मॅडम, तुम्ही साखर किती घेता?”

“मॅडम काय ग? घरात मी आत्या आहे.”

“बरं, मॅडम.”

आत्याने ओठ इतके घट्ट मिटले, की त्यात वाचायला काही उरलं नाही.

या मॅडमपणाला कारण होतं. आत्या ज्या सरकारी तंत्र कॉलेजची प्राचार्या होती, त्याच कॉलेजात भिंगरी लेथ शिकत होती. लेथवर लोखंडाचा तुकडा गरगर फिरतो, त्याला हत्यार टेकवायचं आणि सालं काढत काढत हवा तो आकार आणायचा. आजोबांनी त्याच शेडमध्ये उभा जन्म टर्नर म्हणून काढला होता, या टेबलाचे चारही पाय त्यांनीच कातलेले. भिंगरी चालायला लागल्या दिवसापासून गरगर फिरायची म्हणून तिचं नाव भिंगरी पडलं, पण लेथसमोर ती उभी राहिली की एकदम गप्प, एकदम स्थिर व्हायची. हत्यार चुकीचं लागलं तर तिच्या तळपायाला कळायचं. जगात एवढी एकच जागा होती जिथे तिला कुणाला “काय म्हणालात?” असं विचारावं लागत नसे, कारण त्या गोंगाटात कुणालाच काही ऐकू यायचं नाही. सगळे खुणांनी बोलायचे. सगळेच भिंगरी.

आणि मग मागच्या सत्रात एकाची बाही यंत्रात ओढली गेली. हात वाचला, बाही गेली. कॉलेजने लगेच शेडमध्ये भोंगा बसवला. भोंगा वाजला की हात वर, यंत्रं बंद. मग कुणाच्या तरी डोक्यात आलं, की भिंगरीला भोंगा ऐकू येणार नाही. बैठक झाली. बैठकीला आत्या होती, सुरक्षा अधिकारी होता, लेथचे मास्तर होते, बिस्किटं होती. भिंगरी नव्हती. सोमवारी ती शेडमध्ये गेली तर तिचा एप्रन खुंटीवरून गायब! शोधत शोधत गेली तेव्हा तो सापडला नकाशे काढायच्या वर्गात, तिसऱ्या खुंटीवर, छान घडी करून टांगलेला. म्हणजे यापुढे पेन्सिल, पट्टी आणि खोडरबर. “तुझ्या सुरक्षिततेसाठीच,” असं तिला सांगण्यात आलं.

भिंगरीने तडक समान संधीच्या कचेरीत तक्रार ठोकली. कॉलेजविरुद्ध. म्हणजे प्राचार्यांविरुद्ध. म्हणजे आत्याविरुद्ध. आणि उद्या सकाळी सुनावणी होती.

“चहा,” काकांनी पुन्हा दात चमकवले.

“ताईपण,” आई म्हणाली.

सगळ्यांच्या माना आता आईकडे वळल्या. आई या घरात सून म्हणून आली तेव्हापासून या टेबलावर “अजून एक बिस्किट घ्या” यापलीकडे बोलली नव्हती. शिवणयंत्रावर बसल्यासारखी ती खाली मान घालून बसायची, तीच आता मान वर करून बोलत होती.

“काय म्हणालीस?” बाबांनी दचकून विचारलं.

“अहो, विषय भिंगरीचा आहे तसा ताईंचाही आहे ना? ज्याचा विषय, त्याचा चहा. मग ताईंनीपण जायला हवं. नियम म्हणजे नियम. हो ना, भाऊजी?”

काका वकील होते. आयुष्यभर त्यांनी घरांच्या खरेदी-विक्रीचे कागद केले होते, पण घरात कुठलाही नियम निघाला की त्याचे मालक तेच. त्यांनी छताकडे पाहिलं, बहिणीकडे पाहिलं आणि पुन्हा छताकडे पाहिलं. छताने काही मदत केली नाही.

“तांत्रिकदृष्ट्या,” ते म्हणाले, “मुद्दा बिनतोड आहे.”

“मी?” आत्या उभी राहिली. “मी, या वयात, चहा करायला?”

“काय चाललंय?” आजोबा कडाडले. लेथच्या आवाजात त्यांचेही कान कधीच बधिर झाले होते, पण ते त्याला बहिरेपण म्हणत नसत, ‘लोक हल्ली पुटपुटतात’ म्हणत.

“काही नाही, अण्णा, नंतर सांगतो,” बाबा म्हणाले.

आजोबांनी मान डोलावली आणि काहीतरी विनोद झाला असावा अशा समजुतीने थोडे हसले.

*

स्वयंपाकघराच्या दाराला वरच्या अर्ध्या भागात काच होती. दार लागलं की बाहेरचा आवाज आत यायचा नाही, म्हणजे ज्यांना आवाज लागतो त्यांच्यासाठी. त्या काचेतून टेबल अख्खं दिसायचं. भिंगरीला चहाला पाठवणं म्हणजे मांजराला दुधाच्या राखणीला बसवणं होतं, पण हे आजवर कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. तिला कुठल्या शाळेत घालायचं, तिच्या कानाच्या यंत्राचा रंग कुठला, सहलीला पाठवायचं की नाही, सगळं तिने या काचेतून वाचलं होतं. आणि मग चहा आणून “अय्या, खरंच?” असा चेहरा केला होता. तो चेहरा तिचा फारच छान जमायचा.

आत्या ओट्याकडे तोंड करून बोलत होती. पाठीवरून तेवढं कळत होतं, पाठ रागात होती. शेवटी भिंगरीने तिच्या खांद्यावर टकटक केलं.

“मॅडम, मला तुमची पाठ वाचता येत नाही.”

आत्या गर्रकन वळली. “मी म्हटलं, पातेलं कुठे आहे!”

“तुमच्या हातात.”

आत्याने हातातल्या पातेल्याकडे पाहिलं. ते अगदी निष्पाप होतं.

भिंगरी काचेला नाक लावून उभी राहिली. दिवसाउजेडी टेबल कसं लख्ख दिसत होतं! काका हवेत बोट फिरवत होते. त्यांचं ते बोट फिरायला लागलं की कायदा येणार हे नक्की. बाबा मान हलवत होते, दर वाक्याला, कुणाचंही असो. भिंगरीला खुदकन हसू आलं.

आत्याने पाणी चढवलं. साखरेचा डबा उघडला. मिटला. पुन्हा उघडला.

“हसायला काय झालं?” शेवटी तिने भिंगरीपुढे येऊन विचारलं.

“काका आईला कायदा समजावतायत.”

“तुला कळतं? इथून?”

“तुम्हाला माहीत नव्हतं?”

“म्हणजे आजपर्यंत आम्ही जे जे…”

“सगळं,” भिंगरी म्हणाली. “तेव्हाचं ते ‘पोरगी हुशार आहे पण नाकाने जरा बापावर गेली’ हेसुद्धा. ते तुम्हीच म्हणालात.”

आत्याचा चेहरा लाल झाला. मग ती मुकाट्याने काचेपाशी आली आणि भाचीच्या खांद्याला खांदा लावून उभी राहिली. थोडा वेळ तिने आपला मोठेपणा सांभाळला. मग तो गळून पडला.

“काय म्हणतोय?” तिने भिंगरीकडे तोंड वळवून विचारलं.

“काका म्हणतायत,” भिंगरीने रेडिओवरच्या निवेदिकेचा थाट आणला, “सरकारी पैशावर चालणाऱ्या कॉलेजवर कायद्याने जबाबदारी असते. कुठलाही निर्णय घेण्याआधी बघायचं, की याने कुणाची वाट अडेल. बोट नाकात… नाही, नाकाजवळ. हं. ज्यांची अडेल त्यांना विचारायचं. आणि वाट मोकळी करायला वाजवी फेरबदल करायचे. आई विचारतेय, वाजवी म्हणजे? काका म्हणतायत, म्हणजे सगळं कॉलेज पाडून नवीन बांधा असं नाही. पण जमण्यासारखं असेल ते करायचं, टाळायचं नाही.”

“हे मला माहीत आहे,” आत्या म्हणाली. “मी त्यावर भाषण केलंय. दोनदा.”

“आईसुद्धा तेच म्हणतेय. म्हणतेय, ताईंचं भाषण छान झालं होतं, मी रडले होते.”

“हा टोमणा होता का?”

“मला कसं कळणार? मला फक्त ओठ दिसतात.”

आणि नेमके तेव्हा आजोबा बोलले. आजोबांचा आवाज म्हणजे दार, काच, भिंत यांना न जुमानणारी चीज होती. आत्या ताठ झाली. भिंगरीला दिसलं ते एवढंच, की मिशी वर गेली, खाली आली, खूप वेळ थरथरत राहिली, आणि टेबलावरच्या सगळ्यांनी माना खाली घातल्या. काकांचं बोटसुद्धा हवेतून उतरलं.

“आजोबा काय म्हणाले?”

आत्याने आपल्या आखूड केसांवरून हात फिरवला.

“आत्… मॅडम, काय म्हणाले? माझ्याबद्दल होतं?”

“काही नाही ग,” आत्या म्हणाली. “नंतर सांगते.”

भिंगरीने तिच्याकडे पाहिलं. नंतर सांगते! तिला वाटलं, आपण जन्मलो तेव्हा डॉक्टरनेसुद्धा आपल्या कानात हेच सांगितलं असणार. शाळेत सगळी बाकं हसायची, ती विचारायची काय झालं, नंतर सांगते. लग्नाच्या पंगतीत, बसमध्ये, दवाखान्यात डॉक्टर आईशी तिच्याचबद्दल बोलायचे तेव्हा, नंतर सांगते. त्या सगळ्या ‘नंतर’ची बेरीज केली असती तर एक वेगळं आयुष्य निघालं असतं, आणि ते कुणीतरी दुसरंच जगून टाकलं होतं.

ती काचेकडे वळली. आता काका पुढे झुकून भराभर बोलत होते, बाबा मान हलवत होते, आणि आई… आई चक्क उभी राहिली होती. बोलता बोलता तिने बाबांच्या खुर्चीची पाठ धरली आणि खुर्ची बाबांसकट स्वयंपाकघराच्या दाराकडे फिरवली. “अहो, असे उजेडात बसा.” मग काकांचीही. मग ती स्वतः सरळ काचेकडे तोंड करून, एकेक शब्द टाके घातल्यासारखा सुटा करत बोलू लागली.

भिंगरीने काचेवरून बोट फिरवलं, एक डाग नव्हता. ही काच आई दर आठवड्याला पुसायची. कागदाने, कोरड्या फडक्याने, पुन्हा कागदाने. भिंगरीला वाटायचं, आईला स्वच्छतेचं वेड आहे.

“काय झालं? काय म्हणतायत?” आत्याने विचारलं.

भिंगरी काचेकडेच बघत होती, तेव्हा आत्याने तिला दंड धरून आपल्याकडे वळवलं.

“अग, तो माझ्याकडे बोट दाखवतोय! दाराकडे! माझ्याबद्दल आहे ना?”

“हो.”

“मग काय म्हणतायत?”

“काही नाही ग,” भिंगरी म्हणाली. “नंतर सांगते.”

“भिंगरी!”

“महत्त्वाचं नाही. उगाच तुम्हाला त्रास. तुमच्या भल्यासाठीच.”

“अग माझ्या नोकरीचं बोलणं चाललंय तिथे! माझा भाऊ मान हलवतोय! ती तुझी आई हात जोडतेय की हात झटकतेय? आणि मी इथे पातेलं धरून उभी! मला न विचारता हे लोक ठरवणार, आणि मला कळणारसुद्धा…”

आत्या थांबली. मागे चहाचं पाणी उतू जायला आलं होतं, तिकडे कुणाचंच लक्ष नव्हतं.

“बोला की,” भिंगरी गोड आवाजात म्हणाली. “कळणारसुद्धा नाही. मग? एप्रन दुसऱ्याच खुंटीवर सापडेल?”

आत्या स्टुलावर बसली. तिने न बघताच, हात लांब करून गॅस बंद केला, नकोशा माणसाचा फोन ठेवावा तसा.

“अण्णा म्हणाले,” ती शेवटी म्हणाली, भिंगरीकडे तोंड करून, नीट, “अण्णा म्हणाले, ‘थोरलीलाही आपण असंच आत पाठवलं होतं. तिला लेथ हवा होता. आपण म्हटलं, केस अडकतील. चहा घेऊन आली तेव्हा तिचं मास्तरकीच्या अभ्यासक्रमात नाव घालून झालं होतं. चहा चांगला झाला होता.’”

“तुला लेथ हवा होता?” भिंगरीच्या तोंडून ‘मॅडम’ कुठल्या कुठे गळून पडलं.

“माझे केस कमरेपर्यंत होते. कापले असते. मी एका मिनिटात कापले असते, भिंगरी. कुणी विचारलंच नाही.” आत्याने नाक पुसलं आणि लगेच प्राचार्यांसारखी बसली. “आता तू सांग. ते काय म्हणतायत?”

भिंगरीने सांगितलं. काकांची योजना अशी, की उद्या सुनावणीत म्हणायचं, भिंगरीला आधी विचारलं होतं. घरातल्या घरात, जेवताना. तीच हो म्हणाली होती. मग पोरीचं मन बदललं, पोरच ती. भिंगरीने नुसती मान हलवायची. आत्याची खुर्ची शाबूत, घराची अब्रू शाबूत, आणि बदल्यात आजोबा भिंगरीला मागच्या अंगणात एक जुना लेथ मांडून देतील, रविवारी खेळायला.

“आणि तुझा बाबा?”

“मान हलवतायत. पण ते पंखा फिरला तरी हलवतात.”

“आणि आई?”

“आई म्हणाली,” भिंगरीचा आवाज जरा चिरकला, आणि तो चिरकला हे तिला घशातच कळलं, “आई म्हणाली, ‘माझी मुलगी खोटी मान हलवणार नाही. आणि भिंगरी, हे तू वाचते आहेस हे मला ठाऊक आहे. पाठीचा कणा ताठ ठेव.’”

आत्याने एकदा काचेकडे पाहिलं. तिकडे आई अजून उभीच होती.

“ही बाई,” आत्या म्हणाली, “इतकी वर्षं मला वाटत होतं, की हिला फक्त बिस्किटांबद्दल मतं आहेत.” मग ती एकदम समोर येऊन बसली, गुडघ्याला गुडघा. “बरं. मी आधी विचारायला हवं होतं, ते आत्ता विचारते. लेथवर राहायला तुला काय लागेल?”

बस, एवढंच! भिंगरीने या प्रश्नासाठी भाषण तयार ठेवलं होतं, आरशासमोर म्हणून पाहिलं होतं, त्यात ‘अन्याय’ हा शब्द किमान पाच ठिकाणी होता. आता तिला त्यातलं एक अक्षर आठवेना.

“दिवा,” ती म्हणाली.

“काय?”

“एक लाल दिवा. भोंग्याच्याच तारेवर जोडायचा आणि माझ्या लेथच्या वर लावायचा. भोंगा वाजला की तो पेटेल, मी हात वर करीन. आणि मास्तरांनी फळ्याकडे तोंड करून बोलायचं नाही. झालं.”

“एवढंच?”

“एवढंच. तुम्ही बैठकीत बिस्किटं किती खाल्लीत त्याहून स्वस्त पडेल.”

आत्या हसली. आणि मग लगेच हात चोळत उठली. “मग प्रश्नच मिटला! उद्या सकाळी इलेक्ट्रिशियनला सांगते, दिवा लागतो, तू तक्रार मागे घे, आपण दोघी…”

“नाही.”

“नाही काय?”

“आत्या, तो दिवा मला आत्याने द्यायचा नाहीये. कॉलेजने द्यायचाय.” भिंगरी भिंगरीसारखी फिरत सुटली, स्वयंपाकघर आधीच अरुंद, त्यात तिचे हात. “मी तुझी भाची नसते तर? आपल्याच शेडमध्ये छपाईचा वर्ग भरतो, त्यात एक जण आहे, चाकांच्या खुर्चीतला. भोंग्याचं बटण तुम्ही कुठे लावलंय माहितीये? खिडकीच्या वर! त्याच्या समोर कुणाचा हात अडकला तर तो काय करेल, बटणाला टोपी फेकून मारेल? त्याला विचारलंत? त्याची तर आत्यासुद्धा नाहीये कॉलेजात!”

आत्या स्टुलावर टेकली आणि बसल्या बसल्या हात वर करून पाहिला.

“खिडकीच्या वर,” ती पुटपुटली. “आम्हाला वाटलं, उंचावर असलं की सगळ्यांना दिसेल.”

“दिसतं की. त्याला रोज दिसतं.”

*

त्या दोघी बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात ट्रे नव्हता. हे या घरात आजवर झालं नव्हतं.

“चहा?” काकांनी विचारलं.

“राहिला,” आत्या म्हणाली आणि आपल्या खुर्चीवर बसली. भिंगरी तिच्या शेजारी. “ज्यांना हवा त्यांनी करून घ्या.”

“पण ताई, आमचं अजून ठरायचंय. नियमाप्रमाणे तुम्ही दोघींनी…”

“तुझी योजना मला कळलीये. जेवताना विचारलं होतं म्हणे! जेवताना आपल्या घरात कुणी कुणाला विचारतं का रे काही? भाजीसुद्धा न विचारता वाढतात.”

काकांनी बाबांकडे संशयाने पाहिलं. बाबांनी मान हलवली, मग काय आरोप आहे ते लक्षात येऊन उलटी हलवली. आई फुलदाणीतली फुलं सारखी करू लागली.

“उद्या मी सुनावणीला जाणार,” आत्या म्हणाली, “आणि सांगणार, आम्ही विचारलं नाही. निर्णय मागे घेतला. आता शेडमधल्या प्रत्येकाला आधी विचारू आणि मग भोंगा, दिवा, बटण, काय ते लावू. तक्रार भिंगरीने मागे घ्यायची नाही. तिची तक्रार आहे म्हणून तर मला वरच्यांना हे सांगता येईल.”

“ताई, खुर्ची जाईल!”

“बघू. गेली तर माझे केस आता तसेही आखूड आहेत,” आत्या म्हणाली. “लेथ शिकेन.”

काकांना काहीच कळलं नाही. बाबांना कळलं. ते आधी खाली बघत राहिले, मग त्यांनी हळूच वर पाहिलं. “मग,” ते घसा साफ करत म्हणाले, “या हिशोबाने माझं ट्रंपेट…”

“नाही!” सगळे एकदम ओरडले.

“विचारलं फक्त,” बाबा म्हणाले. पण ते हसत होते, आणि भिंगरीला दिसलं की त्यांचे ओठ गोल झालेत. शीळ! आवाज आला की नाही देव जाणे, पण आईने चमकून त्यांच्याकडे पाहिलं.

“काय ठरलं?” आजोबा कडाडले.

“काही नाही, अण्णा,” काका, बाबा आणि आत्या एका सुरात म्हणाले, “नंतर सांगतो.”

आजोबांनी मान डोलावली. सगळे हसत होते, म्हणून तेही हसले, थोडं उशिरा. भिंगरीला तो उशीर ओळखीचा होता. तिचाच होता तो. वर्षानुवर्षं ती याच उशिराने हसत आली होती, आणि टेबलाच्या दुसऱ्या टोकाला तिच्यासारखंच हसणारं कुणी बसलेलं आहे हे तिला आजपर्यंत दिसलंच नव्हतं.

ती उठली, खुर्ची उचलून आजोबांच्या समोर ठेवली आणि खिडकीचा उजेड आपल्या तोंडावर येईल अशी बसली.

“आजोबा, इकडे बघा. माझ्या तोंडाकडे. मी पहिल्यापासून सांगते.”

आणि तिने सांगितलं. भोंगा, खुंटी, एप्रन, काच, दिवा, सगळं, हातवारे करून, लेथच्या शेडमध्ये सांगतात तसं. आजोबांनी डोळे बारीक करून ऐकलं. मध्ये दोनदा त्यांनी “पुन्हा” म्हटलं आणि तिने पुन्हा सांगितलं. कुणी घाई केली नाही. आत्याचे केस आले तेव्हा आजोबांनी टेबलावरून हात लांब केला आणि लेकीच्या मनगटावर ठेवला. तो तिथेच राहिला.

सगळं सांगून झाल्यावर आजोबा नातीकडे झुकले. मग त्यांची मिशी हलली. भिंगरीने कपाळाला आठ्या घालून पाहिलं, काही हाती लागेना.

“ते विचारतायत,” आत्या लगेच तिच्याकडे तोंड करून म्हणाली, आत्ताच्या आत्ता, नंतर नाही, “की तुला दिवा कॉलेजकडून मिळेल. माझ्याकडून काही लागेल का?”

भिंगरीने आजोबांच्या मिशीकडे पाहिलं. घराण्याची शान, रोज सकाळी तेल, कंगवा आणि आरशासमोरचा अर्धा तास. तिने हळूच बोट उचललं आणि मिशीकडे दाखवलं.

टेबलाने श्वास रोखला.

आजोबांनी दोन्ही हातांनी मिशी झाकली. आईकडे पाहिलं, आईने आपली शिवणाची कात्री कधी पुढे सरकवली होती कुणास ठाऊक. त्यांनी कात्रीकडे पाहिलं, नातीकडे पाहिलं, आणि मोठा उसासा टाकला. मग मिशी दोन बोटांनी वर उचलून, ओठ उघडे करून, ते इतके हळू आणि इतके स्पष्ट बोलले, की सतरा वर्षांच्या आयुष्यात पहिल्यांदा भिंगरीने आपल्या आजोबांचं वाक्य स्वतः वाचलं.

“सगळी नाही हं,” आजोबा म्हणाले. “वाजवी.”